देवरामची विहीर

जनार्दन कासारे कामाच्या जागेवर पोचला की आधी पाणी मागत असे, आणि ते तहान लागली म्हणून नव्हे. काँक्रीटसाठी भरून ठेवलेल्या पिंपातलं ओंजळभर पाणी तो तोंडात घ्यायचा, डोळे मिटून घोळवायचा, आणि मग एकतर मान हलवायचा, नाहीतर पचकन थुंकून अख्खं पिंप उलटं करायला लावायचा. वाळूचंही तेच. चिमूटभर वाळू जिभेच्या टोकावर ठेवून बघितल्याशिवाय त्याने आजवर एक घमेलं ओतू दिलं नव्हतं. जयपूरच्या रेल्वेतले मिस्त्री त्याला मागून 'चखनेवाले साब' म्हणत. पुढून म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण वर्क्स इन्स्पेक्टरसाहेबांची जीभ फक्त चाखण्यापुरतीच चालत असे असं नाही.

आता कुणी म्हणेल, राजस्थानात हे थेर कशाला? समुद्र तिथून कुठल्या कुठे. पण एक तर फुलेरा-सांभरच्या अंगाला मिठागरं आहेत, आणि तिकडच्या विहिरींचं पाणी जिभेवर ठेवलं तर समुद्र परवडला. आणि दुसरं म्हणजे जनार्दन रत्नागिरीकडचा, खाडीच्या तोंडावरच्या गावातला. मीठ काँक्रीटच्या आत शिरलं की सळईला गाठतं, सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते, हे त्याला पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी ठाऊक होतं. लहानपणी बंदरावरच्या एका गोदामाच्या छतातून लोंबणाऱ्या तांबड्या सळया मोजत तो शाळेत जायचा.

अशा माणसाच्या स्वतःच्या घराचा स्लॅब सात वर्षांत पडावा, याला काय म्हणायचं? वैद्याच्या घरी रोगी आणि वर वैद्यच पथ्य सांगणारा.

तो स्लॅब म्हणजे साधासुधा नव्हता. गावाच्या बौद्धवाडीतला पहिला स्लॅब. सन ऐंशीच्या मे महिन्यात बावीस दिवसांची रजा काढून जनार्दनाने तो उभं राहून टाकून घेतला होता. खाडीची वाळू फुकट मिळत असताना ती नको म्हणून त्याने नदीची वाळू लांबून आणवली आणि तीही दोनदा धुवून घेतली. सळया तारेच्या ब्रशने घासून लखलखीत केल्या, त्यांना सिमेंटच्या दाट पाण्याचा हात दिला. सळई खाली टेकू नये, तिच्याखाली दीड इंच काँक्रीट राहावं म्हणून सिमेंटचे छोटे ठोकळे आपल्या हाताने पाडून वाळवले. चुलतभाऊ बळवंत गवंडी होता. त्याने थापी धरली आणि अर्ध्या वाडीने घमेली वाहिली. वर बांध घालून चौदा दिवस पाणी कोंडून ठेवलं. वाडीतली म्हातारी माणसं संध्याकाळी शिडीने वर चढून त्या पाण्यात पाय बुडवून बसत, इतकं कौतुक.

आणि यंदा, सत्याऐंशीच्या मार्चमध्ये, सकाळी आई कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात गेली तेवढ्यात सुपाएवढा तुकडा तिच्या खाटेवर पडला. उशी जिथे असते नेमका तिथे. कोंबड्यांना भूक लागली नसती तर तार निराळी आली असती.

जनार्दन मिळेल त्या गाडीने गावी गेला. छताला आतून तांबड्या रेघा उमटल्या होत्या, सळईच्या वाटेवाटेने चिरा पडल्या होत्या, आणि जिथे तुकडा निखळला तिथे सळई कांद्यासारखी पापुद्रे टाकत होती. माणूस घाबरला की रागावतो. जनार्दनाला आईची ती खाट बघून असं घाबरायला झालं की समोर जो दिसला त्याच्यावर तो तुटून पडला, आणि समोर बळवंत होता. बिचारा सकाळपासून छताला वाशांचे टेकू देत होता.

"सिमेंट कमी घातलंस. नाहीतर ठोकळे काढून घेतलेस. माझी पाठ वळली की काय केलंस तूच जाणे!" सगळ्या वाडीसमोर जनार्दन बोलला.

 हातातला वासा बळवंताने भिंतीला टेकवून ठेवला, धोतर झटकलं आणि निघून गेला. त्या दिवशी तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी जनार्दन आईला घेऊन जयपूरला निघाला तेव्हा बळवंताच्या घराचं दार लावलेलं होतं.

निघताना जनार्दनाने त्या पडलेल्या स्लॅबचा एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत टाकला. आईने बरोबर घेतलं ते पाणी. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घासून तिने घरच्या विहिरीचं पाणी काठोकाठ भरून घेतलं. तिच्या वाडीची ही जुनी रीत. परमुलखात पाणी बाधतं, म्हणून घरचं पाणी संगती न्यायचं आणि तिकडच्या पाण्यात रोज पळीभर मिसळून प्यायचं. नव्या पाण्याला जुन्याची ओळख करून दिली की ते अंगाला लागतं. एसटी, मग मुंबईहून गाडी, मग सवाई माधोपूरला उतरून छोट्या लाइनीची गाडी, या सगळ्या प्रवासात तिने तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

रेल्वे कॉलनीतल्या दोन खोल्यांत आईचं कशातही कमी नव्हतं. सून कलावती नाशिककडची, जरा फटकळ पण मायेची. नात सुजाता आठवीत. तिचं मराठी म्हणजे निम्मं हिंदीच, पण आजीच्या कुशीत झोपल्याशिवाय तिला झोप यायची नाही. शेजारी अनुसयाबाई होत्या, त्याही रेल्वेवाल्या, मराठी बोलणाऱ्या. तरी आई वाळत चालली होती. एप्रिलची लू, म्हणजे तिकडचा भाजणारा वारा, सुरू झाली. दारात बसावं तर समोरून वाळू अंगावर येते. जाणाऱ्या-येणाऱ्याला काय विचारावं तर भाषा येत नाही. बळवंत रोज दुपारी भरतीची मासळी घेऊन यायचा, चुलीशी बसून चहा प्यायचा, गावातल्या चार गोष्टी सांगायचा. मुलगा हजार मैलांवर असलेल्या बाईला तोच मुलगा होता. आता त्याचं नाव घरात निघत नव्हतं, आणि ते निघत नाही म्हणून आईही फारशी बोलत नव्हती. बोलली तर एवढंच, "जना, माना घरी पोचव."

"छताखाली टेकू आहेत आई. तिथे कशी राहशील?"

"मग छप्पर घाल. कौलं घाल. पन पोचव."

जनार्दनाने मे महिन्यात स्लॅब तोडून नवा टाकायचं ठरवलं होतं. शहरातला एक ठेकेदार बघून ठेवला होता. पण आतून त्याला धीर होत नव्हता. पहिला स्लॅब त्याने स्वतःच्या डोळ्यांदेखत टाकला होता. तो का पडला हे कळल्याशिवाय दुसरा टाकायचा म्हणजे आईला पुन्हा त्याच खाटेवर नेऊन निजवायचं. पुढच्या वेळी कोंबड्यांना भूक लागेलच असं कुठे आहे? तो पुन्हा पुन्हा मनाशी म्हणायचा, बळवंताने घोळ केला, बस्स. हे म्हणणं सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणूनच ते त्याला स्वस्थ बसू देत नव्हतं. एवढं कळण्याइतका तो शहाणा होता.

एका रविवारी सकाळी अनुसयाबाई आईला चपला घ्यायला राजा पार्कला घेऊन गेल्या. आईच्या चपला डांबरावर वितळायला आल्या होत्या. ती संधी साधून जनार्दनाने आपल्या हाताखालच्या सुखदेव मिस्त्रीला घरी बोलावलं आणि अंगणात तो तुकडा वर्तमानपत्रावर मांडला.

सुखदेव सांभरकडचा. त्याच्या सात पिढ्या दगड घडवण्यात गेल्या. लोखंडावर त्याचा पहिल्यापासून राग. जयपुरात घरांवर दगडाच्या लांब पट्ट्या टाकतात, भिंतीवरून भिंतीवर, त्यात लोखंडाचा तुकडा नसतो. त्यामुळे स्लॅब पडल्याचं ऐकून त्याला दुःख झालं तरी नवल वाटलं नव्हतं. तो उकिडवा बसला. तुकडा हातात घेऊन फिरवला, हातोडीने एक कोपरा उडवला, आतली वाळू बोटांवर चोळली. मग खालच्या बाजूने सळईपर्यंत बोट लावून मापलं.

"साब, डेढ़ इंच पूरा है।" तो म्हणाला.

"नीट बघ."

"देख लिया। यह देखो।" त्याने तुकडा उलटा केला. सळईच्या पोटाला चिकटून सिमेंटचा चौकोनी ठोकळा अजून तसाच होता. जनार्दनाने स्वतः पाडलेला, कडेला त्याच्या अंगठ्याचा ठसा असलेला. "सीमेंट अच्छा, बजरी अच्छी। आपके मिस्त्री ने ईमानदारी से काम किया है साब।"

 तीन आठवडे हा तुकडा त्याच्या ट्रंकेत होता. ट्रंक उघडून तो उलटा करून बघायला त्याला कुणी अडवलं होतं? पण बघितला असता तर बळवंत सुटला असता, आणि मग दोषी कोण, हा प्रश्न उरला असता.

सुखदेव त्या गंजाकडे बघत होता. "बाहर का नमक इतनी जल्दी इतना अंदर नहीं आता। यह तो अंदर से ही सड़ा है। पानी कौन सा था?"

"पाणी विहिरीचं," जनार्दन ताडकन म्हणाला. "आमच्या घरची विहीर. गोडं पाणी."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून थू थू करत सुजाता बाहेर आली. खेळून आली होती, आजीने डब्यातलं पाणी काढून ठेवलेला तांब्या हाताला लागला तो तिने तोंडाला लावला होता. "पप्पा! आजीच्या पाण्यात कुणीतरी नमक घातलंय!"

"काहीतरी बडबडू नकोस."

"सच्ची पप्पा! मतलब पूरा खारा आहे. तुम्हीच प्या."

कलावती पदराला हात पुसत बाहेर आली. तांब्यात काय आहे ते तिने बघितलं, आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं. जनार्दनाने तांब्या घेतला, सवयीने डोळे मिटले, घोट तोंडात घोळवला. गोड. लहानपणी शाळेतून आल्यावर लागायचं तेवढंच गोड. त्याने तांब्या सुखदेवापुढे धरला. सुखदेवाने ओंजळीत घेऊन एक घोट पोटात ढकलला, मिशा पुसल्या आणि अदबीने जमिनीकडे बघत म्हणाला, "साब, सांभर में इससे ज़्यादा खारा होता है।"

"कलावती, तू सांग."

"मी काय सांगू?"

"गोडं आहे ना?"

"अहो, लग्न होऊन आले त्या दिवशी पहिला घोट घेतला तेव्हाच कळलं होतं," कलावती म्हणाली. "तुमच्या वाडीच्या डाळी त्या पाण्यात शिजता शिजत नाहीत. पण नव्या सुनेने सासऱ्याने खणलेल्या विहिरीला नावं ठेवायची का? एकदा बोलले होते बळवंतभावजींपाशी. ते म्हणाले, वहिनी, मला सांगितलंत ते ठीक, दुसऱ्या कुणाला सांगू नका."

जनार्दन अंगणातच बसून राहिला. जगभराच्या पाण्याला नाक मुरडणारी त्याची जीभ त्या एका पाण्यावर वाढली होती. वयाच्या सहाव्या वर्षापासून तेच पाणी. त्याला ते खारं लागणार कसं? मासळीला कधी समुद्र खारट लागतो का!

तरी माणसाला आशा असते. दुसऱ्या दिवशी एका बाटलीत ते पाणी आणि दुसरीत कॉलनीच्या नळाचं पाणी घेऊन तो लोको शेडमध्ये गेला. वाफेच्या इंजिनांचे बॉयलर खाऱ्या पाण्याने खराब होतात, म्हणून तिथे रोज पाणी तपासत. म्हातारे केमिस्टबाबू वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी दोन काचेच्या नळ्यांत दोन्ही पाणी घेतलं आणि दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे चार-चार थेंब टाकले. नळाचं पाणी जरासं धुरकटलं. विहिरीचं पाणी नासलेल्या दुधासारखं पांढरं झालं आणि त्याच्या गुठळ्या तळाला बसू लागल्या.

"यह पानी मैं अपने इंजन को न पिलाऊँ," केमिस्टबाबू म्हणाले. "किस जगह का है?"

"है एक जगह," जनार्दन म्हणाला आणि नळी धुवायला स्वतः नळावर गेला.

शेडमधून सायकल ढकलत परत येताना त्याला सन ऐंशी आठवलं. इतकी वर्षं तो ते विसरला होता असं नाही, आठवायची गरज पडली नव्हती एवढंच. स्लॅबच्या आदल्या दिवशी बळवंत त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाला होता, "जनादादा, पानी आपन पऱ्याच्या डोहातलं आनू. दोन गाड्या माज्याकडनं." आणि जनार्दन उसळला होता, "का? माझ्या बापाची विहीर समोर असताना दोन मैलांवरच्या ओढ्यातून पाणी आणू? त्या विहिरीला कमीपणा आणतोस?" बळवंत ओशाळून हसला होता आणि म्हणाला होता, "तसं नाय रं दादा." दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बादली त्यानेच विहिरीतून ओढली. मे महिन्यात ओढली, जेव्हा पाणी तळाला जातं आणि खाडी आत झिरपते. आणि त्याच पाण्यात तो स्लॅब चौदा दिवस भिजत ठेवला. म्हणजे सगळी काळजी घेऊन, ठोकळे पाडून, सळया घासून, जनार्दनाने मीठ आपल्या हाताने कालवलं होतं.

आता प्रश्न स्लॅबचा उरला नव्हता. डोहाचं पाणी आणलं की स्लॅब टिकेल. प्रश्न आईचा होता. देवरामची विहीर म्हणजे आईचं सगळं काही होतं. बाप गेला तेव्हा जनार्दन दहा वर्षांचा होता. त्याचा फोटो नाही, हाताची एक वस्तू नाही. होती ती विहीर, आणि तिच्या काठावर ओल्या चुन्यात काडीने लिहिलेलं 'देवराम'. आई रोज पाणी ओढताना पदराने ते नाव पुसायची. त्या विहिरीने तिच्या डोक्यावर छप्पर पाडलं हे तिला कोण सांगणार?

"सांगूच नका," कलावती रात्रीची भाकरी थापताना हळूच म्हणाली. "सांगा, ठेकेदाराचा माणूस पाणी घेऊनच येतो, त्यांची तशी पद्धत आहे. आईंना काय कळणार?"

"दारासमोरून गाड्या भरभरून पाणी येईल आणि आईला कळणार नाही? आणि बळवंताला काय सांगू? माफी कशाची मागू?"

"मग बघा बाई," कलावती म्हणाली. तिने भाकरी तव्यावर टाकली.

दोन दिवस जनार्दनाने ते तोंडातच ठेवलं. बुधवारी संध्याकाळी घरी आला तेव्हा आई अंगणात कडुनिंबाखाली नव्या चपला पायात घालून बसली होती. बाजूला फुलपात्रात नळाचं पाणी होतं आणि डब्यातलं पळीभर पाणी ती त्यात घालत होती. डबा अर्ध्याच्या खाली आला होता, म्हणून पळी आता अर्धीच भरत होती.

"आई," जनार्दन समोर बसत म्हणाला, "बळवंताने काही केलं नव्हतं."

"ते माना ठाव हाय," आई म्हणाली.

"चूक माझी होती. पाण्याने झालं ते."  मोठमोठ्या ठेकेदारांना तोंडावर सुनावणारा हा माणूस, आईपुढे शाळेतल्या पोरासारखा बोटं मोडत बसला. "आई, आपल्या विहिरीचं पाणी... मी तपासून आणलं. ते खारं आहे. बाबांनी खणली, त्यांचा काही दोष नाही. खाडी जवळ आहे ना. पण पाणी खारं आहे."

आईने पळी डब्यात ठेवली. झाकण लावलं. जनार्दनाला वाटलं आता ती रडेल, नाहीतर उठून आत जाईल. ती दोन्हींतलं काही करेना.

"तुला आत्ता कललं?" तिने विचारलं.

जनार्दनाची बोटं थांबली.

"माना पैल्या दिशीच कललं व्हतं," आई म्हणाली. "सत्तावन सालात. दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्साला. आदी आमी वरच्या विहिरीवर जायचो. जायचो म्हंजी काय, लांब उभं ऱ्हायचो. घागर भुईवर ठेवायची नि वाट बघायची. कुना बाईला दया आली तर ती वरनं वतनार. न्हाय आली तर न्हाय. तू पोटात व्हतास तवा मी दोन-दोन घंटे उन्हात उभी ऱ्हायलेय. मग तुजा बाप बोलला, आता हात पसरायचा नाय. सगली वाडी मिलून खनत व्हती. चार म्हैने. शेवटाला खडक लागला, त्यो तुज्या बापानं नि बळवंताच्या बापानं फोडला. पानी लागलं तवा सगली मानसं काठावर. तुजा बाप खाली, गुडघाभर पान्यात. पैली ओंजल त्यानं घेतली."

ती थांबली. समोरून कॉलनीतली मुलं ओरडत गेली, त्यांना जाऊ दिलं.

"मी वरनं त्याच्या तोंडाकडं बघत व्हते. त्यानं घोट घेतला नि येवढंसं, येवढंसंच तोंड वाकडं झालं. दुसऱ्या कुनाला दिसलं नसंल, मी बायको. मग वर बघून तो बोलला, गोडं हाय! मोठ्यानं बोलला. मग बळवंताचा बाप प्याला. तो बी बोलला, गोडं हाय. मग बाप्ये, मग बायका, येक येक करून. प्रत्येकानं पिलं नि प्रत्येकानं सांगितलं, गोडं हाय. माज्या हातात घागर आली, मी बी प्याले. खारं व्हतं, जना. मिठासारकं व्हतं. मी बी बोलले, गोडं हाय."

"कुणीच बोललं नाही?"

"कोन बोलनार? मग परत वर जायचं का घागर घेऊन?"

 चाळीस-पन्नास माणसं त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, एकेक करून पाणी पिणारी आणि एकमेकांच्या तोंडाकडे न बघणारी. त्यातली निम्मी आज नव्हती. त्याने आईचा हात धरला. तो हात उन्हाने तापलेला होता आणि दोराने पडलेले घट्टे अजून तसेच होते.

"तीस वर्षं प्यायलात," तो म्हणाला.

"आमाला ते गोडंच लागलं. तुला खोटं वाटंल, पन लागलं. आपल्या हातानं वडायचं नि प्यायचं." मग ती जराशी हसली, आल्यापासून पहिल्यांदाच. "पन आमी मानसं रं. आमी कलून पीत व्हतो. लोखंडाला कोन समजावनार?"

आत दिवा लागला. सुजाता अभ्यासाची वही घेऊन आजीजवळ येऊन बसली. जनार्दनाने तिच्या वहीतलं एक पान मागून घेतलं आणि मांडीवर पाट धरून लिहायला बसला. "चि. बळवंत, सप्रेम जयभीम," एवढं भराभर झालं.  मिस्त्री तू चांगला आहेस, ठोकळे जिथल्या तिथे होते, मी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं, हेही त्याने लिहिलं. मे महिन्यात आईला घेऊन येतो, सगळ्यांसमोरच तुझी माफी मागतो, थापी तूच धरायचीस, हेही लिहिलं. मग खाली एक ओळ घातली: पाणी डोहातलं घेऊ, आपली विहीर खारी आहे.

"वाच बगू," आई म्हणाली.

त्याने वाचलं. शेवटची ओळही पूर्ण वाचली.

आईने ऐकून घेतलं. पदर तोंडावरून फिरवला. मग म्हणाली, "त्याला आनखी येक लिव. म्हनावं, आता बोललं तरी चालंल."